बोळाचं दार

मोताळा
९ डिसेंबर १९६३

रा. रा. उत्तमराव यांस
सत्यभामाचा नमस्कार.

तुमचं कार्ड पोचलं. तीन वर्षांनी तुमचं अक्षर या घरात आलं आणि त्यात पहिलाच प्रश्न, "जिन कोणाला विचारून बंद ठेवलं?" कोणालाच विचारलं नाही. तुमचे दादा हयात असते तर त्यांना विचारलं असतं. तुम्ही अकोल्याला जाताना सांगून गेलात की बाईमाणूस खुर्चीत बसलेल्या जिनात पाय ठेवणार नाही. मग विचारायचं कोणाला?

बाजारात तुम्हाला कोणी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही, म्हणून झालं ते लिहिते.

रेच्यांच्या रांगेखालचा बोळ तुम्हाला आठवत असेलच. वर रेचे कापसातून रुई काढतात, सरकी खाली बोळात पडते, आणि सगळ्या रेच्यांना फिरवणारा लांब शाफ्ट त्याच बोळातून जातो. बाया टोपलं घेऊन वाकून आत शिरतात आणि फिरत्या शाफ्टच्या बाजूनं सरकी ओढून काढतात. बोळाला पूर्वी दार होतं. दार असलं की सरकी काढायला इंजिन थांबवावं लागतं, खोळंबा होतो, म्हणून ते काढून टाकलं. कोणी काढायला लावलं ते आता उगाळत नाही.

गेल्या मंगळवारी दुपारी पंचफुला आत गेली. कचरू हमालाची सून, लग्न होऊन दोन वर्षंही झाली नाहीत. तिचा पदर शाफ्टच्या बोल्टात अडकला. पहिली किंकाळी इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू आली नाही. दुसरी आली. निवृत्ती मिस्त्री इंजिनघराकडे धावला, पण इंजिन बंद केलं तरी शाफ्ट लगेच थांबत नाही. पदर कापला गेला म्हणून मान वाचली. उजवा हात वाचला नाही. बुलढाण्याच्या दवाखान्यात तो कोपराच्या वरून काढला.

तेव्हापासून जिन बंद आहे. मला बोळाला दोन्ही बाजूंनी पक्की भिंत घालायची आहे, लोखंडी दार आणि कुलूप लावायचं आहे. रेच्यांखाली पत्र्याची उतरती घसरण बसवली तर बरीचशी सरकी आपोआप भिंतीबाहेर येऊन पडेल असं निवृत्ती म्हणतो. बाराशे रुपये लागतील. भागीदारीच्या कागदाप्रमाणे एवढी रक्कम दोघांच्या सहीशिवाय बँकेतून निघत नाही. सोबत कागद पाठवत आहे. सही करून परत पाठवावा.

अक्षर वाकडं आलंय. उजव्या हाताला जरा लागलंय म्हणून डाव्यानं लिहितेय. विशेष काही नाही.

सत्यभामा


मोताळा
२१ डिसेंबर १९६३

रा. रा. उत्तमराव यांस

कागद सही न होता परत आला. त्यासोबतची चिठ्ठीही वाचली. "तिला दोनशे द्या, अंगठा घ्या आणि मोकळ्या व्हा. बाया काय, दुसऱ्या मिळतील. ऐन हंगामात बाराशे रुपये भिंतीत गाडायला मी वेडा नाही."

तुम्ही धंद्याचं बोललात, तर मीही धंद्याचंच बोलते.

कायद्यानं जी भरपाई द्यावी लागते ती दोनशे नाही. बुलढाण्याच्या वकिलांना विचारलं. ती भिंतीच्या खर्चाच्या आसपास जाते. अंगठा घेतला तरी कोर्ट तो मानत नाही. म्हणजे भिंतीचे पैसे आपले गेलेच आहेत, फक्त भिंत झाली नाही. दवाखाना आणि गाडीभाडं निराळं. शिवाय जिन बंद असताना इंजिनवाल्याचा आणि रखवालदाराचा पगार चालूच आहे. आवारात शेतकऱ्यांचा कापूस पडून आहे, त्यावर एक ठिणगी पडली तर काय होईल ते मी लिहीत नाही. काल डिडोळ्याकडून आलेल्या सात गाड्या फाटकातूनच मलकापूरला वळल्या. ते शेतकरी पुढच्या वर्षी आपल्याकडे येतील का?

आणि दुसऱ्या बायांचं म्हणाल, तर परवा मी जिन सुरू करून पाहिलं. तुम्हाला कळवलं नव्हतं. इंजिन सुरू झालं, रेचे फिरले. बाया फाटकाबाहेर उभ्या राहिल्या. त्यांची मुकादमीण गोजरबाई, तुम्ही ओळखता तिला, तुमच्या लग्नात पुरणाची चूल सांभाळली होती तिनं, ती एकटी आत आली.

म्हणाली, "मालकीनबाई, आमी येत नाई."

"गोजरबाई, मजुरी चार आणे वाढवून देते."

"चार आन्यानं काय व्हते? पंचफुलाले आता भाकर थापता येत नाई. लेकरू झालं त कडेवर घेता येनार नाई. तिची सासू मले इचारते, माही सून तुह्या भरवशावर धाडली व्हती, तू काय पाह्यत व्हती? मी काय सांगू तिले?"

मी म्हटलं, "दार बसवते मी."

"बसवा. मंग येतो."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी उलट बोलले असते.

तर बाया मिळत नाहीत, उत्तमराव. कापूस आहे, इंजिन आहे, रेचे आहेत, आणि जिन बंद आहे. एका दिवसाच्या बंदनं किती जातं याचा हिशेब तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर येईल. करून पाहा. भिंत महाग की बोळ महाग, मग बोला.

कागद पुन्हा पाठवत आहे. विटा स्वस्त मिळाल्या म्हणून दोन खेपा आणून टाकल्या आहेत. पडून राहतील, खात नाहीत.

सत्यभामा


मोताळा
१२ जानेवारी १९६४

रा. रा. उत्तमराव यांस

निवृत्तीला मलकापूरच्या स्टेशनावर बोलावून तुम्ही चौकशी केलीत हे त्यानं येऊन सांगितलं. बरं झालं. त्याला खोटं बोलता येत नाही, आणि मलाही लपवत बसायचा कंटाळा आला होता.

होय, पदर मीच कापला. विळा घेऊन बोळात शिरले तेव्हा शाफ्ट फिरतच होता. दोन बोटं चिरडली. करंगळी आणि तिच्याशेजारचं. ती वाकत नाहीत, पण लिहिता येतं, हे पत्र उजव्याच हातानं आहे. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुम्ही म्हणाला असतात की बाईमाणूस जिनात बसली की असंच व्हायचं. ते ऐकायची ताकद तेव्हा नव्हती.

होय, भिंतही झाली. तुमच्या सहीशिवाय झाली. बँकेतला पैसा घेतलेला नाही. दमणी आणि तिची बैलजोडी विकली. तुमच्या दादांची दमणी होती, तुम्हाला वाईट वाटेल. मलाही वाटलं. आता जिनावर पायी जाते, गाव लहान आहे.

दार कसं चालतं ते ऐकून घ्या, कारण निवृत्तीनं ते तुम्हाला नीट सांगितलेलं दिसत नाही. बोळाच्या कुलपाची किल्ली आणि इंजिन सुरू करायचं हँडल एकाच साखळीत अडकवलेलं आहे. साखळी गोजरबाईकडे असते. इंजिन थांबलं, शाफ्ट थांबला, की ती कुलूप उघडते. बाया आत जातात. जोवर शेवटची बाई बाहेर येऊन कुलूप लागत नाही, तोवर हँडल गोजरबाईच्या हातात, म्हणजे चुकून कोणी इंजिन सुरू करतो म्हटलं तरी करू शकत नाही. घसरणीमुळे सरकी बाहेर पडते, त्यामुळे दिवसात दोनदाच थांबावं लागतं.

बाया परत आल्या आहेत. सगळ्या नाही, निम्म्या. तोंडाला फडकं बांधून काम करायचं हाही नियम घातला आहे, रुईच्या धुळीनं निम्म्या जणी खोकतात. पहिल्या दिवशी हसल्या. आता बांधतात.

गाड्या मात्र अजून कमी आहेत. खोटं लिहिणार नाही, या महिन्यात जिन तोट्यात आहे. रात्री झोप लागत नाही. तुमचं म्हणणं खरं ठरलं तर मी दमणीही घालवली आणि जिनही, असं मनात येतं.

आणि अशा वेळी तुम्ही लिहिता की तुमचा हिस्सा मलकापूरच्या शेठना विकायचं ठरवलं आहे. ते भिंत पाडतील, दार काढतील आणि रात्रपाळी सुरू करतील, हेही तुम्हीच लिहिता, जणू आनंदाची बातमी आहे. विकायचा हक्क तुमचा आहे. पण शेठ जिन बघायला येतील तेव्हा तुम्ही सोबत या. तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या.

सत्यभामा


मोताळा
३ फेब्रुवारी १९६४

उत्तमराव,

कालच्या गोष्टी तुमच्यासमोरच घडल्या. तरी लिहिते. तुम्ही रागात होता आणि रागात माणसाला ऐकू कमी येतं.

तुम्ही आणि शेठ आलात तेव्हा फाटकाबाहेर गाड्या उभ्या होत्या. मोजल्या नसतील तुम्ही, शेठनी मोजल्या, मी त्यांचे ओठ हलताना पाहिले. त्या का उभ्या होत्या ते तुम्ही विचारलं नाहीत. वेचणी अजून संपलेली नाही आणि आजूबाजूच्या जिनांना बाया पुरत नाहीत. आपल्याकडे संक्रांतीनंतर रोज नव्या बाया येऊ लागल्या, चालत, भाकरी बांधून, कारण "तिथं बोळाले कुलूप हाये" हे त्यांच्या कानावर गेलं. बाया आहेत म्हणून रेचे पूर्ण चालतात, रेचे चालतात म्हणून गाडी त्याच दिवशी रिकामी होते, आणि गाडी रिकामी होते म्हणून शेतकरी इकडे वळतो. मी कोणालाही बोलवायला गेले नाही.

शेठ म्हणाले, "शाफ्ट बघायचाय. चालता असताना बघायचाय, आवाज कसा येतो ते कळतं."

तुम्ही गोजरबाईला म्हणालात, "किल्ली दे."

ती म्हणाली, "इंजिन बंद झाल्याबिगर देता येत नाई, मालक."

"मी सांगून राह्यलो तुले. दे."

"नाई."

"हे जिन कोनाचं आहे वं?"

"तुमचं हाये. मान आमची हाये."

अकोल्याला इतकी वर्षं शुद्ध बोलणारे तुम्ही, रागात मोताळ्याचे झालात. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण तुम्ही भिंतीला टेकवलेली पहार उचललीत.

तुम्ही कुलपावर पहार उगारून उभे होता तेव्हा रेच्यांवरच्या बाया एकेक करून उठल्या. त्या येऊन दारासमोर उभ्या राहिल्या, तुमच्या आणि दाराच्या मध्ये. मी खुर्चीतून उठले. त्या क्षणी तुम्ही काय कराल हे मला खरंच माहीत नव्हतं. तुम्हाला तुमच्या मुंजीपासून ओळखते, आणि मला माहीत नव्हतं.

निवृत्तीनं इंजिन बंद केलं. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. आवाज थांबला आणि तुमचा श्वास मला खुर्चीपाशी ऐकू आला.

शेठ हसले. "बाया जिन चालवतात होय? माझा पैसा मला जड नाही झाला," म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. तुम्ही पहार टाकलीत. जाताना माझ्याकडे न बघता म्हणालात, "वहिनी, हे जिन मी बंद पाडतो. नोटीस येईल."

येऊ द्या.

मी इतके दिवस तुम्हाला रुपयांत लिहिलं. भरपाई एवढी, बंदचे दिवस एवढे, भिंत एवढी. ते सगळं खरं आहे, आणि मी ते पुन्हाही लिहीन, कारण तुम्ही तेवढंच वाचता. पण प्रत्येक पत्र लिहिताना मला माझी लाज वाटली. पंचफुला बावीस वर्षांची आहे. तिचा अंबाडा तिची सासू घालते. कोणी बघायला आलं की ती पदराखाली खांदा लपवते आणि हसते. ते हसणं मी कुठल्या रकमेत लिहू?

एक मागते. नोटिशीवर सही करण्याआधी एकदा तिच्या घरी जा. माझ्याकडे येऊ नका, जिनातही येऊ नका. हमालपुऱ्यात मारुतीच्या मागं तिसरं घर. दहा मिनिटं बसा. मग जी सही करायची ती करा. मी कोर्टात तुमच्याविरुद्ध एक शब्द बोलणार नाही.

सत्यभामा


मोताळा
२९ मार्च १९६४

उत्तमभाऊजींस अनेक आशीर्वाद.

आठ आठवडे टपालवाला फाटकाशी आला की मी आधी नोटीस शोधायची. नोटीस आली नाही. परवा पाकीट आलं, त्यात भिंतीच्या खर्चाचा तोच कागद होता, तुमच्या सहीचा. बाकी चिठ्ठीत एकच ओळ, "हंगामाचा हिशेब पाठवावा, दमणीचे पैसे जिनातून उचलावे."

हिशेब सोबत आहे. थोडक्यात सांगते. डिसेंबर पूर्ण बुडाला. जानेवारी अर्धा बुडाला. फेब्रुवारी आणि मार्चनं बरंच भरून काढलं, तरी नफा गेल्या वर्षापेक्षा कमीच आहे. भिंतीनं आपल्याला श्रीमंत केलं नाही आणि ती करणारही नाही. पुढच्या वर्षी इतर जिनवालेही दारं बसवतील, बसवावीतच, मग बाया आपल्याकडेच येतील असंही नाही. भिंत पैसा आणत नाही, जाणारा अडवते. डिसेंबरात जे गेलं ते डिसेंबराआधी बाराशे रुपये खर्चून वाचलं असतं, एवढाच तिचा हिशेब. तो मी तुम्हाला पटवायचा प्रयत्न करत होते.

दमणीचे पैसे उचलले नाहीत. त्यांतून आग विझवायला पाण्याची टाकी बांधावी असं मनात आहे. तुमची संमती असेल तर. या वेळी विचारून करते आहे.

तुम्ही पंचफुलाकडे गेला होतात हे मला काल कळलं, तेही तिच्या सासूकडून. तुम्ही काय बोललात ते तिनं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "धाकले मालक आले, ओट्यावर बसले, पाणी बी पेले नाई. जाताना सुनेले हात जोडले." भरपाईची सगळी रक्कम तुम्ही आपल्या हिश्शातून भरलीत, हे वकिलांनी सांगितलं. तेवढ्यानं झालं असं तुम्हाला वाटत नसेल, अशी मला आशा आहे. मलाही वाटत नाही.

पंचफुलानं काम मागितलं. मी तिला घरबसल्या काही पाठवत जाईन म्हटलं तर नको म्हणाली. "लोकाईच्या पुढं बसून खायचं नाई मले." तिला आकडे येतात, चौथी शिकली आहे. काट्यावर वजनं सांगायला ठेवली आहे. तो काटा जिनाच्या आत आहे, बोळापासून फार लांब नाही, पण दुसरी जागा नव्हती.

आज तिचा पहिला दिवस होता. सासू फाटकापर्यंत सोडायला आली. पंचफुला काट्याशी बसली, डाव्या हातानं पाटीवर रेघा ओढून पाहिल्या. मग निवृत्तीनं इंजिन सुरू केलं. पट्टे हलले, जमीन थरथरली, तशी ती उठून उभी राहिली. गोजरबाई रेच्यावरून उतरायला निघाली, मी तिला हातानं थांबवलं. पंचफुला बराच वेळ तशीच उभी होती, दाराकडे बघत. समोर गाडीवाला खोळंबला होता, त्याचे बैल माना हलवत होते, कोणी घाई केली नाही.

मग ती खाली बसली, काट्याकडे वळली आणि पहिल्या गाडीचं वजन मोठ्यानं सांगितलं.

सत्यभामावहिनी